पाणी कुठवर होतं? पानशेतच्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या नोंदी

६ मे २०२४

वाचनालयाच्या माळ्यावरच्या दोन ट्रंका आणि सभासदांनी आणून दिलेली पाकिटं मिळून ६३ फोटो झाले. त्यातले २२ बाद: काही लग्नाचे, काही कात्रणं, एक चक्क कन्याकुमारीचा. उरले ४१. १२ जुलैला, म्हणजे १९६१ साली पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं त्या तारखेला, खालच्या सभागृहात लावायचे आणि तीन दिवस ठेवायचे. माझ्याकडे निवड, क्रम आणि फोटोओळी.

"तुम्ही वर्तमानपत्रात होतात, तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम," असं अध्यक्ष म्हणाले. सव्वीस वर्षं फोटोओळी लिहिल्या हे खरं. पण तेव्हा फोटो काढणारा पलीकडच्या टेबलावर चहा पीत बसलेला असायचा. कुठला, कधीचा, डावीकडून दुसरा कोण, हे इथूनच ओरडून विचारता यायचं. आता ४१ पैकी ३४ फोटोंच्या पाठी कोऱ्या. तिघांवर स्टुडिओचा शिक्का, तिघांवर किराण्याचा हिशेब, आणि एकावर निळ्या शाईत "आपलं घर". कुणाचं?

कोणत्या फोटोबद्दल कोण काय म्हणालं ते नंतर हमखास विसरतं, म्हणून ही वही.

९ मे

स्कॅनिंग सुरू. बुडून निघालेल्या फोटोंचा गठ्ठा वेगळा केला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, प्रतिमा घडवणारे चांदीचे कण त्यात धरलेले असतात. पाण्यात तो थर मऊ पडून फुगतो आणि वाळताना जे समोर असेल त्याला चिकटतो. एका कुटुंबाचा फोटो असा चौकटीच्या काचेलाच बसलाय. दुकानातला पोरगा ब्लेड घेऊन सरसावला, त्याला वेळेवर थांबवलं. काचेसकट स्कॅन केला. आजोबांच्या पागोट्याखाली सगळं ढगाळ, सहा जणांच्या रांगेत एकाचाच चेहरा शाबूत. पुराचा थेंबही यात नाही, आणि तरी मला हाच सगळ्यात जास्त पुराचा फोटो वाटला. घ्यायचाच. फोटोओळ सुचत नाही.

१३ मे

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून आले आणि सरळ वरच्या अभ्यासिकेत गेले. तिथे स्पर्धापरीक्षेची मुलं बारमाही असतात. पाच जणांना दहा फोटो दाखवले. नाव नाही, ओळ नाही. एवढंच विचारलं, काय दिसतंय?

फोटो क्र. ७: दगडमातीचा ढीग, मागे एकच भिंत उभी, भिंतीत कोनाडा, कोनाड्याशेजारी लटकलेलं कॅलेंडर. लातूरकडचा मुलगा म्हणाला, "किल्लारी." अजिबात न थांबता. १९९३च्या भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला हा मुलगा पुनर्वसनाच्या घरात वाढलाय. असे ढीग घरच्या फोटोंत पाहतच मोठा झाला.

फोटो क्र. १५: पुलाच्या खांबांभोवती पाणी. शिरोळची मुलगी आधी म्हणाली, "आमचं २०१९." मग फोटो जवळ घेतला आणि मान हलवली. "नाही. आमचं पाणी येऊन बसलं होतं. दिवसच्या दिवस हललं नाही. हे धावतंय. खांबापाशी फेस बघा." मी हा फोटो आठवडाभर पाहत होते. फेस मला दिसला नव्हता.

फोटो क्र. ३१: हा मी बाद करायच्या बेतात होते. एक कोरी भिंत, भिंतीशी टोपी घातलेला माणूस, हात उंच करून. बस्स. "बस थांबवतोय," एक जण म्हणाला. "भाषण," दुसरा. तिसऱ्याने विचारलं, "योगासनं?"

मग त्यांना सांगितलं. १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण, काम अजून अपुरं, आणि त्यात पाणी साठत गेलेलं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, आणि एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही दुपारी गेलं. मुठेवरचे पूल पाण्याखाली, नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं बसली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वसाहती पुढे पूरग्रस्तांसाठी झाल्या. लातूरकडचा मुलगा गोखलेनगरातच खोली घेऊन राहतो. त्याने फोटो क्र. ७ परत मागून घेतला.

कुणीच चुकीचं सांगितलं नाही, हे घरी येताना जाणवलं. मुलांनी स्वतःकडे होतं ते त्या ढिगात ठेवून पाहिलं. ढीग त्याला नाही म्हणू शकत नव्हता.

१७ मे

आज उलटा प्रयोग. शनिवार पेठेतल्या, पूर पाहिलेल्या तीन आज्या आणि एक आजोबा. चहा, खारी आणि तेच दहा फोटो.

यांना ढीग दिसतच नाही. त्यांना कोपरा दिसतो. "ही पाटी त्या वैद्यांची", "इथून आत बोळ होता", "हा वाडा नाही, शेजारचा." फोटो राहिला बाजूला, दीड तास नुसता नकाशा झाला. क्र. ३१ पाहून सगळ्यात बारीक आवाजाच्या आजी म्हणाल्या, "पाणी कुठवर होतं ते दाखवतोय. तेव्हा सगळे असंच दाखवायचे. कुणी आलं की पहिलं भिंतीपाशी न्यायचं आणि हात वर." मी भिंग लावलं. बोटाच्या टोकापासून डावीकडे चिखलाची अगदी फिकी रेघ गेलीय, प्रिंटमध्ये जेमतेम.

हा फोटो बाद नाही.

कॅलेंडरवरून मात्र वाद. एक जण म्हणाले, कालनिर्णयच असणार. कालनिर्णय सुरू झालं १९७३ साली, त्यामुळे ते नाही. मी खुशीत होते, कारण कॅलेंडर म्हणजे तारखेचा पुरावा, आयता. संध्याकाळी १२०० डीपीआयवर स्कॅन करून मोठं केलं. महिना दिसला. जून. पान उलटायचं राहिलेलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी अशा पुराव्यावर डोळे झाकून "जून १९६१" छापलं असतं आणि दुसऱ्या दिवशी खुलासाही छापला असता.

दुसरी फजिती याहून मोठी. क्र. २३, लकडी पूल. आजोबा दोन मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमची मुठा उलटी वाहतेय." नारायण पेठेच्या बाजूने उभं राहिलं की पाणी डावीकडून उजवीकडे जातं. आमच्या फोटोत उजवीकडून डावीकडे. निगेटिव्ह स्कॅन करताना बाजू उलटी पडली होती. पाटी-बिटी फ्रेममध्ये नसल्यामुळे कुणाला कळलं नाही, मलाही नाही. सगळ्या निगेटिव्हचे स्कॅन पुन्हा तपासायचे.

२२ मे

स्कॅन तपासताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. पाणी असतानाचे फोटो ११, ओसरल्यानंतरचे २९, आणि तो काचेला चिकटलेला एक. अकराच्या अकरा उंचावरून काढलेले: गच्ची, दुसरा मजला, एक टेकडीवरून. साहजिक आहे, चढत्या पाण्यात उभं राहून फोटो कोण काढेल. पण साहजिक आहे म्हणूनच ते दिसत नाही. १९६१ साली ज्याच्याकडे कॅमेरा आणि शिवाय पक्का दुसरा मजला होता, त्याच्या डोळ्यांनी आपण हा पूर पाहतोय. नदीकाठच्या पुलाच्या वाडीतून काढलेला एकही फोटो नाही. तिथली वस्ती दिसते ती वरून, कोपऱ्यात, पत्र्यांचे चौकोन म्हणून.

आणि रोल महाग. १२०च्या रोलवर बॉक्स कॅमेऱ्यात आठ फोटो निघायचे. एका पाकिटात अख्खा रोल क्रमाने सापडला. पाच फोटो पुलाचे, दोन पाण्यात गेलेल्या देवळाचे, आणि आठवा आईचा. गच्चीत, छत्री धरून, कॅमेऱ्याकडे न बघता. शहर बुडत असताना त्या मुलाने एक फोटो आईसाठी राखून ठेवला होता, की रोल संपवून धुवायला टाकायचा म्हणून काढला? मला पहिलं कारण आवडतं. दुसरं जास्त खरं वाटतं.

अध्यक्षांना सांगितलं, की पुलाच्या वाडीचा फोटो नाही. ते म्हणाले, एक रिकामी चौकट लावू, लोक समजतील. नको. रिकाम्या चौकटी लावायची हल्ली पद्धत पडलीय, आणि लोक काही समजत नाहीत, चौकटीतला फोटो पडला का म्हणून विचारतात. त्यापेक्षा प्रत्येक फोटोओळीत कॅमेरा कुठे होता ते लिहायचं. "नारायण पेठ, वाड्याचा दुसरा मजला, खिडकीतून." एवढंच. अकरा वेळा वाचल्यावर ज्याला कळायचं त्याला कळेल.

२७ मे

क्र. ३१ डोक्यातून जात नाही. आज नारायण विनायक विरकरांचे फोटो पुन्हा काढून पाहिले.

विरकर मुंबईचे. १९१९ साली जालियनवाला बागेत जाऊन त्यांनी फोटो काढले, पण हत्याकांड होऊन गेल्यानंतर. १३ एप्रिलला तिथे कॅमेरा नव्हता, आणि मग पंजाबात लष्करी कायदा. ते पोचले तेव्हा फोटो काढण्यासारखं होतं काय? भिंती. विटांच्या भिंतीला भोकं असतात, पोपडे असतात, पावसाने केलेले खड्डे असतात. गोळीची खूण आणि पोपडा कृष्णधवल फोटोत सारखेच दिसतात. म्हणून त्या फोटोंत खुणांभोवती पांढरे वेढे आहेत आणि भिंतीशी माणसं आहेत, खुणा दाखवणारी. नुसती भिंत काही बोलली नसती. वेढा पडला की भिंत साक्षीला उभी राहते.

वेढा फोटो छापल्यावर काढलेला नाही, भिंतीवरच काढलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे फोटोओळ फोटोच्या आतच आहे. कात्रीने कापून वेगळी करता येत नाही.

आमच्या टोपीवाल्यानेही तेच केलंय. त्याला ठाऊक होतं की नुसती भिंत कॅमेऱ्याला कळणार नाही, म्हणून तो स्वतः बाण होऊन उभा राहिला. मुलांना योगासनं दिसली, कारण त्यांना भिंतीचा प्रश्नच माहीत नव्हता.

ठरलं. क्र. ३१ पहिला. आणि तो मापात छापायचा, माणूस माणसाएवढा, म्हणजे बोट जिथे आहे तिथेच येईल. पाय जमिनीला टेकलेले दिसतात, दारही फ्रेममध्ये आहे, त्यामुळे माप काढता येईल. फोटोत पहिली हरवते ती उंची. दहा फूट पाणी आणि दोन फूट पाणी बारा इंची प्रिंटमध्ये सारखंच गुळगुळीत दिसतं.

४ जून

निकालाचा दिवस. छपाईवाला फोन उचलत नाही, चहावाला टीव्हीला चिकटलेला. काम शून्य.

८ जून

क्र. १९ मधल्या बाई सापडल्या!

फोटो असा: पडवीत चिखल, त्यात भांड्यांचा ढीग, शेजारी शिलाई मशीन. ढिगाजवळ उकिडवी बसलेली तरुण मुलगी, नऊवारी खोचलेली, मान खाली, हात कपाळाला. ज्याला दाखवावं तो "अरेरे" म्हणतो. मी कच्ची ओळ लिहून ठेवली होती: "सर्वस्व गमावलेली पूरग्रस्त महिला." लिहिताना शरम वाटली नाही, सवयीने हात चालला.

सभासदांपैकी एकीने ओळखलं, "या तर आमच्या मावशींच्या जाऊबाई." तेव्हा १९ वर्षांच्या, आता ८२. आज कोथरूडला त्यांच्याकडे गेले. फोटो हातात दिला. त्यांनी आधी मशीन पाहिलं. मग स्वतःला.

"रडताय का तुम्ही?" मी विचारलं.

"रडायला वेळ कुठला? भांडी मोजतेय. घंगाळ मिळत नव्हतं. माहेरचं होतं."

"आणि हात कपाळाला?"

"केस येत होते डोळ्यांवर. हाताला चिखल, म्हणून मनगटाने सारतेय. बघा की नीट."

पाहिलं. मनगटच आहे. महिनाभर पाहून मला तळहात दिसत होता, कारण दुःखाचा हात कपाळावर असाच ठेवतात हे मला आधीच पाठ होतं.

ओळ वाचून दाखवली तर "पूरग्रस्त" शब्दावर त्यांनी हात आडवा केला. "तो शब्द रांगेतला. रेशनला, कपड्यांना, खोलीसाठी रांगा लावल्या तेव्हा आम्ही पूरग्रस्त. त्या दिवशी मी माझ्या घरात होते." घंगाळ तीन दिवसांनी दोन वाडे सोडून सापडलं, पोचा पडलेलं. अजून आहे, गॅलरीत, त्यात तुळस लावलीय.

परत येताना बसमध्ये डोरोथिया लँगचा तो फोटो आठवत होता. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. खांद्यांवर दोन मुलं तोंड फिरवून, मांडीत तान्हं, बाईचा हात गालाशी. जगाने त्या बाईला "स्थलांतरित माता" म्हणून ओळखलं. लँगने तिचं नाव विचारलंच नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ साली, तिनेच वर्तमानपत्राला कळवल्यावर. फोटोबद्दल ती कडवटच होती, आणि आपल्याविषयी लिहिलं गेलेलं सगळंच खरं नव्हतं असं तिचं म्हणणं होतं. कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा दिसत होता, तोही लँगने नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला, चित्र बिघडतं म्हणून. तरी त्या फोटोने तळावरच्या उपाशी लोकांकडे सरकारी अन्न पोचलं, हेही खरं. फोटो लोकांच्या उपयोगी पडला. त्या बाईच्या पडला नाही.

नवी ओळ, त्यांना फोनवर वाचून दाखवून मंजूर करून घेतलेली: "नारायण पेठ, जुलै १९६१. पाणी ओसरल्यावर भांडी मोजताना. घंगाळ अजून सापडलेलं नाही. कॅमेरा: पडवीच्या पायरीवर, दिराच्या हातात."

दिराच्या! म्हणजे हा कुणा परक्याने टिपलेला करुण प्रसंग वगैरे काही नाही. घरचाच माणूस फोटो काढतोय आणि वहिनी त्याच्याकडे दुर्लक्ष करतेय.

१५ जून

सभागृहात फोटो जमिनीवर मांडून क्रम लावला. गुडघे गेले.

अडचण क्र. १२ची. चार मुलं पत्र्यावर बसून दात काढून हसतायत, मागे पाणी. हा क्र. ७च्या ढिगाशेजारी ठेवला तर मुलं निर्लज्ज दिसतात. रांगांच्या, तांदळाच्या पोत्यांच्या, मदत वाटपाच्या फोटोंशेजारी ठेवला तर शूर दिसतात. एकटा ठेवला तर मुलंच दिसतात, ज्यांची त्या दिवशी शाळा बुडाली. सिनेमावाले रशियातल्या कुलेशोव्हचा दाखला देतात: नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या बशीनंतर दाखवला, एकदा शवपेटीनंतर, आणि लोकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला. पडद्यावर निदान क्रम दिग्दर्शकाच्या हाती असतो. सभागृहात लोक डावीकडून प्रदक्षिणेसारखे फिरतील हे धरून चाललेय, पण मध्येच ओळखीचं कुणी भेटलं की क्रम संपला.

क्र. १२ दोन खिडक्यांमधल्या खांबावर, एकटा. ग्रंथपाल बाईंना पटलं नाही. त्यांच्या मते लोकांना पुरात हसणारी मुलं दाखवायचीच कशाला. अर्धा तास झाला. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझा भाऊ असाच हसला असता," आणि खिळा ठोकायला लावला.

१९ जून

स्कॅनिंगच्या पोराने हौसेने तीन फोटो संगणकावर रंगवून आणले. पाणी निळंशार. बारीक आवाजाच्या आजींना दाखवलं तर त्या हसत सुटल्या: "हे काश्मीर आहे का? आमचं पाणी चहासारखं होतं. आणि वास?" पोरगा हिरमुसला. त्याला म्हटलं, तुझी मेहनत वाया नाही गेली, आजींनी वासाबद्दल पहिल्यांदा सांगितलं. रॉकेल, मेलेली जनावरं, भिजलेलं धान्य. वहीत उतरवून घेतलं. रंगीत फोटो लावणार नाही.

१ जुलै

पालख्या मुक्कामी. रस्ते बंद, सनबोर्ड छपाईवाल्याकडेच. बुधवारी आणायचे.

क्र. ३१ सनबोर्डवर माणसाएवढा परवडेना, तो फ्लेक्सवर घेतला. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय काही छापता येतं याचं छपाईवाल्याला नवल.

१२ जुलै

सकाळी दहाला उघडलं. भाषण एकच, तेही आटोपशीर, ईश्वरकृपा.

काय पाहिलं ते लिहून ठेवते. बहुतेक लोक आधी ओळ वाचतात, मग फोटोकडे एक नजर टाकून ओळीत लिहिलेलं त्यात आहे ना एवढं तपासतात, आणि पुढे. म्हातारे लोक उलट, फोटोत शिरतात आणि ओळ वाचतच नाहीत. लहान मुलांना क्र. १९मधलं शिलाई मशीन आणि क्र. २६मधला कुत्रा. त्या कुत्र्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. दुपारी चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, "डावीकडे खाली कुत्राही आहे." त्यानंतर मोठी माणसंही वाकून बघायला लागली.

"कॅमेरा कुठे होता" याची दखल फारशी कुणी घेतली नाही. एका गृहस्थांनी घेतली. सगळे अकरा फोटो वाचून झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आम्ही खालच्या पत्र्यांत होतो." मी खुर्ची दिली. ते पंधरा मिनिटं बसले, पाणी प्यायले, आणखी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

क्र. ३१पाशी दिवसभर गर्दी. पोरं उड्या मारून बोटाला हात लावतात, पोचत नाही. मोठी माणसं शेजारी उभी राहून तसाच हात वर करतात आणि फोटो काढून घेतात. लातूरकडच्या मुलाने अख्खी अभ्यासिका आणली होती आणि तो सगळ्यांना समजावत होता: हा बस थांबवत नाहीये.

काचेला चिकटलेल्या फोटोला शेवटपर्यंत ओळ सुचली नाही, तेव्हा फक्त "काचेसकट" एवढंच लिहिलं.

१४ जुलै

आवरलं. खिळे ३८ परत मिळाले, तीन भिंतीतच.

"आपलं घर"चा पत्ता लागला नाही. अभिप्रायाच्या वहीत बारा जणांनी लिहिलंय की ते त्यांचं आहे. बारांपैकी कुणाला खोटं म्हणावं? पेठेतले वाडे पडल्यावर सारखे दिसतात.

२५ जुलै

पहाटेपासून फोन. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलंय, लष्कर बोलावलंय. पुलाच्या वाडीजवळ विजेच्या धक्क्याने तिघं गेले.

साडेनऊला भाचीने एक फोटो पाठवला. खाली ओळ: "पानशेत धोक्यात, नदीकाठच्यांनी ताबडतोब वर जा, सर्वांना पाठवा." फोटो आमचा. क्र. २३, लकडी पूल. प्रदर्शनात कुणीतरी मोबाइलवर काढलेला. आमची ओळ कापून टाकलेली, कृष्णधवल रंगावर पिवळट झाक चढवलेली, की पहाटेचा उजेड वाटावा. मुठा मात्र सुलटी वाहतेय. ती सुलट करायला मी दोन दिवस घालवले होते.

दुपारपर्यंत तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून परत आला. दर वेळी मूळ फोटो, ओळ आणि तारीख पाठवत राहिले. माझं कोण वाचतंय. बारीक आवाजाच्या आजींचा फोन आला, त्यांनाही मिळाला होता. त्यांनी लगेच ओळखला, अर्थात. म्हणाल्या, "तेव्हाही नंतर 'पाणी आलं, पाणी आलं' अशी हूल उठली होती. माणसं पळत सुटली. तेव्हा फोटो नव्हता, नुसती आरोळी होती."

पुढच्या वेळी ओळ फोटोच्या खाली लावायची नाही. फोटोच्या आत, पाण्यावर, पांढऱ्या अक्षरांत. चित्र बिघडलं तर बिघडू दे.

२८ जुलै

भाचीच्या मैत्रिणीकडे एकतानगरीत गेलो, चादरी आणि फिनेल घेऊन. तळमजल्यावर चिखल उपसणं चालू. गाद्या, फ्रिज, पुस्तकं सगळं बाहेर. वाचनालयाच्या पेटीत ठेवायला चार फोटो काढावेत म्हणून मोबाइल काढला. भिंतीवर रेघ होती, पण भिंत मूळचीच मातकट रंगाची, पडद्यावर काहीच येईना. पुढे झाले, मागे झाले, प्रकाश बदलून पाहिला.

शेजारच्या घरातले गृहस्थ फावडं टेकवून माझी धडपड बघत होते. प्रदर्शनाबिदर्शनाबद्दल त्यांना काही माहीत असायचं कारण नाही. ते भिंतीपाशी आले, चिखलाचा हात पँटला पुसला आणि वर केला.

"असं घ्या," ते म्हणाले. "नाहीतर कळणार नाही कुठवर होतं ते."